महासाथ आणि कर्करोगतज्ज्ञांचे प्रशिक्षण

महासाथीत रुग्णालयांचे नेहमीचे काम थांबले की कर्करोगशास्त्र शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या अनुभवात तूट पडते. भारतात कोविड-19 च्या काळात, विशेषतः 2020 आणि 2021 मध्ये, ती ठळकपणे दिसली.

एमएस ही पदव्युत्तर शल्यपदवी झाल्यावर कर्करोग शस्त्रक्रियेचा एमसीएच आणि एमडी ही पदव्युत्तर वैद्यकपदवी झाल्यावर औषधोपचारांचा डीएम, हे दोन्ही सुपरस्पेशालिटी (अतिविशेष) अभ्यासक्रम तीन वर्षांचे. किरणोपचाराची एमडीही तीन वर्षांचीच. त्यातले एक वर्ष कोविड कक्षात गेले, तर तिसरा हिस्सा गेला.

तूट सगळ्यांना सारखी पडली नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातील कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातील 41 केंद्रांची मार्च ते मे 2020 ची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिली, तेव्हा नवे रुग्ण 54 टक्के, मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्के, तर किरणोपचार घेणारे 23 टक्के घटलेले आढळले. म्हणजे सर्वाधिक नुकसान शल्यचिकित्सा शिकणाऱ्यांचे. तोंडाच्या कर्करोगात जबडा काढणे, मानेतील गाठी सोडवणे, छातीच्या स्नायूने पोकळी भरणे हे हाताखाली राहूनच येते. पण घशा-तोंडाच्या शस्त्रक्रियेत संसर्गाचा धोका मोठा, म्हणून शस्त्रक्रियागृहात मोजकीच माणसे ठेवावीत आणि अनुभवी हातानेच काम उरकावे असा सल्ला होता. शिकाऊ डॉक्टर साहजिकच बाहेर राहिला.

सांगली जिल्ह्यात याची झळ एक पायरी आधीच लागली. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज आरोग्यपंढरी झाली. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात रुग्ण सापडल्यावर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. सर्जरी किंवा कान-नाक-घसा शिकून पुढे एमसीएचला जाणाऱ्यांचा पाया अशाच जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत घातला जातो. नेमक्या त्याच काळात तिथल्या नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. रेल्वे बंद झाल्याने कोयना आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांची वाटही तुटली.

काही गोष्टी मात्र खऱ्या अर्थाने पदरात पडल्या. ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ एकत्र बसून रुग्णाचे उपचार ठरवतात त्या बैठकीच्या, चर्चा ऑनलाइन झाल्या, त्यामुळे लहान शहरातल्या डॉक्टरलाही मोठ्या केंद्रातले वाद-प्रतिवाद ऐकता आले. स्तनाच्या कर्करोगात पंधराऐवजी पाच मात्रांत किरणोपचार देण्याच्या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल 2020 मध्येच आले आणि निवासी डॉक्टरांनी कमी फेऱ्यांचे नियोजन प्रत्यक्ष कामातून शिकून घेतले.

परीक्षांच्या विलंबाने पुढची साखळीच विस्कटली. एप्रिल 2021 ची नीट-पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, सप्टेंबरमध्ये झाली. नवी तुकडी येईपर्यंत शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांची सेवा चालू ठेवण्याची मुभा केंद्राने दिली. पण वाढलेले महिने कोविड कक्षात गेले, तर ते प्रशिक्षणात धरणे योग्य नाही. नोंदवहीत किती शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने झाल्या, हेच पाहायला हवे होते. सुपरस्पेशालिटीची 2021 ची प्रवेश परीक्षा अखेर जानेवारी 2022 मध्ये झाली.