मस्कीचा रॉड घेताना: पॉवर वेगळी, ॲक्शन वेगळी

मस्की, म्हणजे उत्तर अमेरिकेतला पाइकच्या कुळातला मोठा शिकारी मासा. तो धरण्याच्या कुठल्याही रॉडवर मुठीच्या वरच्या अंगाला एक ओळ छापलेली असते: लांबी, पॉवर, ॲक्शन, दोरीची ताकद आणि ल्युअरचे, म्हणजे गळ लावलेल्या नकली आमिषाचे, वजन. लांबीबद्दल कुणाला शंका नसते. घोळ होतो तो पॉवर आणि ॲक्शनमध्ये. दुकानात ‘हेवी फास्ट’ एका दमात म्हटले जाते आणि ऐकणारा दोन्ही मिळून ‘दणकट’ एवढाच अर्थ घेतो. मग चुकीचा रॉड घरी येतो. ल्युअर लांब जात नाही, मासा धरतो आणि सुटतो, खांदे भरून येतात, आणि उपाय म्हणून आणखी जाड रॉड घेतला जातो. बरेचदा कमी पडलेली गोष्ट पॉवर नसतेच.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या साधारण तिसऱ्या हिश्शात वाकतो आणि खाली ताठ राहतो. एक्स्ट्रा-फास्ट त्याहून वर, शेंड्याच्या चौथाई भागात. मॉडरेट निम्म्यापर्यंत लवतो, स्लो थेट मुठीपर्यंत. पॉवर मुख्यतः ब्लँकची, म्हणजे रॉडच्या नुसत्या काठीची, जाडी आणि त्यातल्या तंतूंचा ताठरपणा यांवर अवलंबून असते. ॲक्शन ठरते ती ब्लँक बुडापासून शेंड्यापर्यंत कसा निमुळता होत जातो त्यावरून. म्हणूनच हेवी रॉड मॉडरेटही असू शकतो आणि अगदी हलका रॉड एक्स्ट्रा-फास्टही.

दोन्ही गोष्टी घरच्या घरी डोळ्यांनी पाहता येतात. रॉडची मूठ टेबलावर आडवी घट्ट दाबून धरा, टोकाच्या कडीला पिशवी बांधा आणि तिच्यात हळूहळू वजन टाकत जा. टोक रॉडच्या लांबीच्या एक-तृतीयांश इतके खाली आले की थांबा. पिशवीत जमलेले वजन म्हणजे पॉवर. आता बाजूला उभे राहून बाक पाहा. शेवटचा हातभर भाग जवळजवळ उभा लोंबत असेल आणि बाकीचा रॉड सरळ असेल, तर ॲक्शन फास्ट. वरच्या निम्म्या रॉडची एकसारखी कमान झाली असेल, तर मॉडरेट. फ्लाय रॉडसाठी अमेरिकन एक सेंटची नाणी टाकून हेच मोजायची पद्धत तिकडे रूढ आहे. मस्कीच्या रॉडला नाणी पुरणार नाहीत. पाण्याच्या बाटल्या घ्या, पण वजन अलगद वाढवा आणि पिशवीला झोका देऊ नका.

आता मस्कीकडे. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन आणि कॅनडातल्या ओंटारियोच्या तलावांतला हा मासा पाइकच्या कुळातला सर्वांत मोठा. १९५५ पासून तो विस्कॉन्सिनचा राज्यमासा आहे. हेवर्डजवळ १९४९ मध्ये धरलेला ६७ पौंड ८ औंसांचा, म्हणजे ३०.६ किलोचा मासा हा जागतिक विक्रम मानला जातो. हे आकडे वाचून नवशिक्याला वाटते की जाडजूड रॉड माशाच्या वजनासाठी लागतो. रॉड जाड लागतो तो ल्युअरमुळे. गळाला लागणाऱ्या बहुतेक मस्की ५ ते १२ किलोंच्या आसपास असतात आणि नुसत्या ओढून आणायला बराच हलका रॉडही पुरेल. पण तो रॉड दिवसभर २२५ ग्रॅमचे रबर, म्हणजे मऊ रबरी ल्युअर, फेकू शकणार नाही, आणि माशाने जबड्यात गच्च धरलेल्या ल्युअरचे मोठाले तिहेरी गळ त्याच्या हाडाळ तोंडात रुतवूही शकणार नाही. ताकदवान रॉडचा मासा सोडतानाही उपयोग होतो: झुंज लवकर आटोपते आणि कोमट पाण्यात मासा थकून मरायचा धोका कमी होतो.

मस्कीच्या रॉडमध्ये पॉवरच्या पायऱ्या ढोबळमानाने अशा असतात. मीडियम-हेवी १ ते ४ औंस, म्हणजे ३० ते ११० ग्रॅम. हेवी ३ ते ८ औंस, ८५ ते २२५ ग्रॅम. एक्स्ट्रा-हेवी ४ ते १२ औंस, ३४० ग्रॅमपर्यंत. त्यापुढे डबल एक्स्ट्रा-हेवी, जो पौंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचे रबर फेकण्यासाठीच बनतो. या शब्दांना सगळ्या कंपन्यांसाठी मिळून एकच ठरलेले माप नाही. एकाचा हेवी दुसऱ्याच्या एक्स्ट्रा-हेवीइतका ताठ असू शकतो. त्याहून मोठा सापळा म्हणजे बास या मस्कीहून बऱ्याच लहान माशाच्या रॉडवरही ‘हेवी’च लिहिलेले असते. तो हेवी साधारण १० ते ४० ग्रॅमचा. कोकणात जिताड्यासाठी घेतलेला हेवी रॉड शिकागोला किंवा मिनिॲपोलिसला सोबत नेला, तर तिथेही हीच अडचण येईल. शब्द सोडा, औंसांचा किंवा ग्रॅमचा आकडा वाचा. वरचा आकडा हा रॉडची कमाल मर्यादा असतो, रोज वापरायचे वजन नव्हे. ३ ते ८ औंसांचा रॉड ४ ते ६ औंसांना सर्वांत छान फेकतो.

फक्त वजन पाहूनही भागत नाही, कारण ल्युअर फेकताना एक भार असतो आणि ओढताना वेगळाच. दोन दहा नंबरची पाती असलेले बकटेल, म्हणजे केसांच्या झुपक्याची, फिरत्या पात्यांची ल्युअर, जेमतेम ७० ते ८५ ग्रॅम भरते. आठ इंची लाकडी ग्लाइडबेट, म्हणजे डावी-उजवीकडे सरकणारी ल्युअर, हाही साधारण तेवढ्याच वजनाचा. फेकायला दोन्ही मीडियम-हेवीवर चालतील. पण बकटेलची पाती पाण्यात फिरू लागली की रॉडचे टोक सतत खाली खेचले जाते. मीडियम-हेवी रॉड ल्युअर ओढून आणेपर्यंत निम्मा वाकूनच राहतो. अशा वेळी मासा लागला तर गळ रुतवायला रॉडमध्ये बाक शिल्लकच नसतो. ग्लाइडबेट मात्र पाण्यात जवळजवळ ओढतच नाही. म्हणून मोठ्या बकटेलला हेवी घ्या आणि त्याच वजनाच्या ग्लाइडबेटला मीडियम-हेवी पुरे. मोठ्या ओठाचे, म्हणजे तोंडाशी रुंद पट्टी असलेले, खोल जाणारे क्रँकबेटही बकटेलसारखेच खेचते.

इथून पुढे काम ॲक्शनचे.

जर्कबेट, म्हणजे सूइकसारखी लाकडी फळीवजा ल्युअर, स्वतःहून काही करत नाही. रॉडचे टोक पाण्याकडे ठेवून तुम्ही ३० ते ६० सेंटिमीटर झटका देता, ती खाली बुडी मारते, मग हळूहळू वर येते. मॉडरेट रॉडवर हा झटका अर्धा रॉडच गिळून टाकतो आणि ल्युअर नुसती पुढे सरकते. इथे फास्टच हवा. ग्लाइडबेटलाही फास्ट चांगला, मात्र पॉवर आवरती ठेवून. एक्स्ट्रा-हेवी फास्टने छोट्या ग्लाइडबेटला टोचणी दिली की तो डावी-उजवीकडे सरकण्याऐवजी कोलांटी खातो आणि दोरीत अडकतो. टोचणी दिल्यावर लगेच दोरी ढिली सोडायची असते, म्हणजे त्याला वळायला मोकळीक मिळते. ताठ रॉडवर ही ढील अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मोठे रबर, म्हणजे बारा इंची मॅग्नम बुलडॉगसारखे सव्वादोनशे ग्रॅमचे धूड, एक्स्ट्रा-हेवी फास्टवर फेकावे. रबर जबड्यात दाबले गेले की गळ त्यातून सरकून रुतायला खूप जोर लागतो, आणि तो खालच्या ताठ भागातूनच येतो.

बकटेल, क्रँकबेट आणि पाण्यावर फडफडणारे टॉपवॉटर यांना मॉडरेट-फास्ट, म्हणजे मॉडरेट आणि फास्टच्या मधला, रॉड द्यावा, या मताला आम्ही ठाम आहोत. पुष्कळ जाणकारही इथे फास्ट घेतात आणि मासे धरतातही. पण मस्कीसाठी वापरली जाणारी ८० ते १०० पौंडांची विणलेली दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. नायलॉनच्या काळात दोरी जो धक्का सोसायची, तो आता रॉडला सोसावा लागतो. टॉपवॉटरवर मासा उसळला की हात आपोआप झटका देतो. अति ताठ शेंडा असेल तर मासा तोंड मिटायच्या आतच ल्युअर निसटते. लवचीक वरचा भाग पापणी लवेपर्यंतचा उसंत देतो, आणि तेवढा पुरतो.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो बोटीच्या कडेला, आठचा आकडा काढताना. मस्की ल्युअरच्या मागे बोटीपर्यंत येते आणि तिथे ठरवते. म्हणून प्रत्येक कास्टच्या शेवटी, मासा दिसो वा न दिसो, लीडर, म्हणजे ल्युअरआधीचा मजबूत तुकडा, टोकाच्या कडीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर आणायचा, रॉड पाण्यात खुपसायचा आणि मोठ्ठा, रुंद वळणांचा आठ काढायचा. पहिले वळण खोल घ्या, बाहेर जाताना जरा वर या, आणि वळणात वेग कमी करू नका, उलट किंचित वाढवा. या क्षणी रॉडच्या टोकापुढे जेमतेम हातभर दोरी असते. पॉवर कमी पडली तर दुहेरी पात्यांच्या खेचीने टोक मागे रेंगाळते आणि आठ आक्रसून त्याची छोटी गाठ होते. मोठा मासा एवढ्या अरुंद वळणात वळू शकत नाही. उलट ॲक्शन फारच फास्ट असेल तर वळणात मासा लागताच धक्का शोषायला काहीच उरत नाही. दोरी ताणत नाही, ड्रॅग (रीलमधला, दोरी सुटू देणारा ब्रेक) आवळलेला, रॉड ताठ: गळ मांस फाडून बाहेर येतो. तेव्हा आठसाठी खाली पॉवर आणि वर मऊपणा, दोन्ही लागतात. हेवी पॉवर आणि मॉडरेट-फास्ट ॲक्शन ही जोडी इथे खरी कामाला येते.

रॉड मोडला तर कुठे मोडला ते पाहा. शेंड्यापासून वीतभर आत तुटला असेल, तर बहुधा मासा बोटीजवळ आल्यावर रॉड उभा धरला गेला असतो. उभ्या रॉडचा सगळा भार त्याच्या सर्वांत बारीक भागावर येतो, आणि फास्ट रॉडमध्ये तो भाग आणखी छोटा असतो. रॉड पाण्याशी ४५ अंशांपेक्षा उभा होऊ न देणे एवढाच उपाय. खाली, मुठीच्या वर मोडला असेल तर झेपेल त्याहून जड ल्युअर झटक्याने फेकली गेली असण्याची शक्यता जास्त. २०० ग्रॅमच्या पुढे मनगटाचा झटका द्यायचाच नाही. ल्युअर टोकाखाली ६० ते ९० सेंटिमीटर लोंबू द्या, दोन्ही हातांनी रॉड मागून पुढे एकाच वेगाने न्या आणि रॉडला वाकायला वेळ द्या. झटक्याने रीलवर बॅकलॅश, म्हणजे दोरीचा गुंता, झाला की ल्युअर हवेतच अडते आणि दोरी तरी तुटते, नाहीतर रॉड. तिसरे कारण लोक विसरतात: बोटीत आपटणाऱ्या जड ल्युअरने ब्लँकला पडलेला चरा. ग्राफाइटला बारीक टवका गेला की तो पुढे कधीतरी तिथूनच जातो.

मासे वारंवार लागून सुटत असतील तर आधी गळांची धार पाहा. धार ठीक असूनही मासे बोटीजवळच सुटत असतील, तर ॲक्शन जास्त फास्ट आहे. लांबवर लागून लगेच सुटत असतील, तर बहुतेक पॉवर कमी आहे किंवा झटका देताना दोरी ढिली असते.

लांबीचे थोडक्यात: ८ फूट ६ इंच ते ९ फूट ६ इंच. लांब रॉडने आठ रुंद होतो आणि फेक दूर जाते. जर्कबेटच वापरणार असाल आणि उंची कमी असेल, तर ८ फूट बरा, नाहीतर खाली झटका देताना टोक पाण्यावर आपटते. ९ फुटी रॉड बोटीच्या खणात मावत नाही अशी तक्रार असते. मूठ आत सरकवून आखूड होणारे रॉड त्यासाठीच मिळतात.

एकच रॉड घ्यायचा असेल तर ९ फुटी, हेवी, मॉडरेट-फास्ट, ३ ते ८ औंसांचा घ्या. त्यावर बकटेल, टॉपवॉटर, क्रँकबेट आणि मधल्या आकाराचे रबर चालते. जर्कबेटही चालते, जरा जास्त हात मारावा लागतो इतकेच. मॉडरेट-फास्ट न मिळाल्यास फास्ट घ्या, पण मग ड्रॅग किंचित सैल ठेवा. दुसरा रॉड घ्यायची वेळ आली की ८ फूट ६ इंची एक्स्ट्रा-हेवी फास्ट, मोठ्या रबरासाठी. दुकानात दोन्ही रॉड हातात घेऊन नुसते हलवून पाहू नका. टोक कुणाला तरी धरायला सांगा, मूठ स्वतः हळूच उचला, आणि बाक शेंड्याकडच्या कड्यांपाशी थांबतो की खाली मुठीकडे येतो ते बघा.