वाफेने गाडी साफ करणे

वाफेने गाडी साफ करणे : दाबाखाली तापवलेल्या पाण्याची वाफ नळीवाटे सोडून गाडीच्या भागांवरचा मळ, तेलकटपणा व वास काढण्याची पद्धत. मोटारगाड्यांच्या डिटेलिंगमध्ये (आतून-बाहेरून बारकाईने केलेल्या सफाईत) ती मुख्यतः गाडीच्या आतल्या भागासाठी वापरतात. ग्रामीण विदर्भात या पद्धतीचा उपयोग किती होईल, हे यंत्राच्या किमतीपेक्षा काळी माती, बोअरचे पाणी आणि गावठाणाची वीज या तीन गोष्टींवर ठरते.

यंत्राची टाकी बंद असते. तिच्यातला दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वर चढतो. वातावरणापेक्षा ४ बार जास्त दाबाला पाणी सुमारे १५० अंश सेल्सिअसला उकळते. नोजलमधून सुटताच मात्र वाफ प्रसरण पावून झपाट्याने थंड होते. डोळ्यांना दिसणारा पांढरा ढग हा खरे तर वाफेचे पुन्हा पाणी होऊन झालेल्या थेंबांचा असतो. वाफेचा खरा जोर त्याच्या अलीकडे, नोजलपासून काही सेंटिमीटरच्या आतच मिळतो. पृष्ठभागावर पाणी होताना वाफ मोठी उष्णता सोडते (१०० अंशांना किलोमागे सुमारे २,२५७ किलोज्यूल). या उष्णतेने तेल-मेण पातळ होते आणि मळाची पकड सुटते. सुटलेला मळ फडक्याने लगेच टिपून घ्यावा लागतो, नाहीतर तो थंड होऊन तिथेच पुन्हा बसतो. हातावर वाफ आली तर उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजते, त्याचे कारणही हीच उष्णता.

पाण्याची बचत हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण सांगितला जातो आणि तो खरा आहे. १,५०० वॅटचे यंत्र तासाला जेमतेम दोन लिटर पाण्याची वाफ करू शकते. तेवढे पाणी प्रेशर पंपाच्या फवाऱ्यातून मिनिटभरातच निघून जाते. एप्रिल-मे महिन्यांत बोअर आटलेल्या गावात हा फरक मोठा आहे. तरीही वाफ पाण्याची जागा पूर्णपणे घेईल, ही अपेक्षा विदर्भात फोल ठरते. बेसाल्ट खडकापासून झालेली इथली काळी माती चिकणमातीच्या फुगणाऱ्या कणांनी भरलेली असते. ओली असताना ती चाकाला, मडगार्डला आणि चेसिसला थरावर थर चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात जाऊन आलेल्या बोलेरोवर किंवा ‘छोटा हत्ती’वर (छोट्या मालवाहू टेम्पोवर) वाफ सोडली, तर वरचा थर तेवढा ओला होतो. मग फडके फिरवले की मातीतील खरखरीत कण रंगावर घासले जाऊन बारीक ओरखडे उमटतात. अशी गाडी आधी पाण्यानेच धुवावी लागते. वाफेचे काम त्यानंतर सुरू होते: दरवाजाच्या फटी, बिजागऱ्या, डिझेलच्या झाकणाभोवतीचा चिकटा, रिमवरचे ग्रीस.

आतल्या भागात मात्र वाफेला तोड नाही. डॅशबोर्डच्या खाचा, एसीच्या जाळ्या, गिअरभोवतीचे रबर, सीटच्या शिवणी इथे ब्रश पोहोचत नाही, वाफ पोहोचते. काम करण्याआधी व्हॅक्यूमने किंवा हवा मारून कोरडी घाण काढणे ही अट आहे, आणि विदर्भात ती टाळता येत नाही. कापसाचे तंतू, सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा), ढेपेचा (सरकीच्या पेंडीचा) भुगा आणि वणी-घुग्घुस-राजुरा पट्ट्यातली कोळशाची धूळ या गोष्टी सीटवर तशाच राहिल्या, तर वाफेने त्यांचा लगदा होतो. कोळशाच्या धुळीचा तर काळा लेपच कापडात मुरतो, आणि तो काढणे मूळ धूळ काढण्यापेक्षा कितीतरी अवघड. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) थुंकताना दाराच्या आतल्या बाजूला उडालेले डाग हे इथले नेहमीचे काम. ताजे असतील तर वाफ आणि फडक्याने निघतात. जुन्या डागांतला सुपारीचा रंग कापडात कायमचा राहतो, प्लास्टिकवरून बहुधा निघतो. दूध किंवा रक्त सांडले असेल, तर आधी थंड पाण्याने पुसावे; उष्णतेने त्यातील प्रथिने गोठून डाग पक्का होतो. सफाई झाल्यावर दारे उघडी ठेवून सीट वाळवाव्या लागतात. नवतपात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हे काम तासाभरात होते. श्रावणाच्या झडीत ओल तशीच राहून बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत सीटच्या स्पंजपर्यंत वाफ मुरवू नये.

पाणी : यंत्राचे आयुष्य ठरवणारा घटक हाच. विदर्भातील बऱ्याच भागांत भूजल जड (क्षारयुक्त) आहे, आणि अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारटच लागते. वाफ निघून जाते, क्षार टाकीत राहतात. लिटरमागे १,५०० मिलिग्रॅम क्षार असलेले दोन लिटर पाणी वाफवले, की तीन ग्रॅम क्षार मागे उरतात. दुसरा स्रोत नसल्यास पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार भारतीय मानक चालवून घेते. म्हणजे माणसाला चालणारे पाणी यंत्राला चालेलच असे नाही. कॅल्शियमची पांढरी पुटे हीटरवर चढली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, हीटर जळतो, नोजल तुंबते. उपाय गावातच असतो: आरओचा कॅन किंवा पावसाळ्यात टिनाच्या छपरावरून धरलेले पाणी. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे. साचलेली पुटे लिंबूसत्त्वाच्या पातळ द्रावणाने सुटतात, पण यंत्राच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच. संडास धुण्याचे ॲसिड टाकीत ओतणे म्हणजे यंत्र भंगारात घालणे.

वीज : १,५०० वॅटच्या यंत्राला २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर लागतात, त्यामुळे ते १६ अँपिअरच्या प्लगवरच लावावे, अर्थिंग नसलेल्या वायरवर ओल्या हातांनी हे यंत्र चालवणे जिवाशी खेळ आहे. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आले, तर तेच यंत्र सुमारे ९२० वॅटचेच काम करते; वाफ ओली येते, दाब भरायला वेळ लागतो, आणि मालक यंत्राला नावे ठेवतो.

झाकण दाब पूर्ण उतरल्याशिवाय उघडू नये आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नये. भारतातील बॉयलर कायद्यातून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची पात्रे वगळलेली आहेत, त्यामुळे घरगुती यंत्राची सरकारी तपासणी होत नाही. ती काळजी वापरणाऱ्यालाच घ्यावी लागते.

काही जागा वाफेला वर्ज्य आहेत. छताचे कापड गोंदाने चिकटवलेले असते, ते लोंबू लागते. टचस्क्रीन, स्विच आणि एअरबॅगचे पिवळे कनेक्टर टाळावेत. इंजिन थंड झाल्यावर, बॅटरी, अल्टरनेटर व फ्यूजबॉक्स झाकूनच काम करावे. बॉनेटखाली उंदरांनी केलेली घरटी आणि कुरतडलेल्या वायरी आधी पाहाव्यात. गिट्टी उडून बारीक तडा गेलेल्या काचेवर हिवाळ्याच्या सकाळी वाफ मारली, तर तो तडा पसरू शकतो. वॅक्सचा थर वाफेने उतरतो. मागच्या काचेवरचे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ हे स्टिकर सुटून येते, ते जपायचे असेल तर नोजल लांब धरावे. जुने काढायचे असेल तर जवळ.

कीटकनाशकाचे डबे वाहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध सांडलेल्या पायदानावर गरम वाफ सोडली, तर ते बारीक तुषारांबरोबर बंद केबिनमध्ये उडून श्वासात जाते. अशा डागावर वाफ अजिबात वापरू नये. हातमोजे घालून, दारे उघडी ठेवून तो साबणाच्या पाण्याने पुसावा, वापरलेले फडके वेगळे टाकावे, आणि धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे वाहू देऊ नये.