दम आधी सुधारतो, हाडं मागून

नियमित धावायला लागलेल्या बाईला आठ-पंधरा दिवसांतच जाणवतं की आता पूर्वीइतकी धाप लागत नाही. श्रेय फुप्फुसांना दिलं जातं, पण ती फारशी बदललेली नसतात. वाढलेला असतो रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा. त्यामुळे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि कमी ठोक्यांत काम भागतं.

कोकणात या वाढीव प्लाझ्माला दुसरंही काम असतं. घामाचं पाणी त्यातूनच येतं. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि इथल्या दमट हवेत तो नुसता निथळतो. एप्रिल-मेमध्ये सुरुवात करणारीने पहिले दहा-चौदा दिवस वेगाचा नाद सोडावा. तेवढ्यात शरीर उकाड्याला बरंचसं सरावतं.

हाडं मात्र सावकाश चालतात. धावण्याचे धक्के बसले की हाडाचा जुना भाग आधी पोखरला जातो, मग तिथे नवं हाड भरतं. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. घोळ होतो तो इथेच. दम पुरतोय म्हणून अंतर वाढवलं जातं आणि नडगी ठणकू लागते. नडगीवर एकाच जागी बोट दाबून कळ येत असेल, तर तेल चोळत न बसता डॉक्टर गाठावा.

गुहागर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीची वेळ बघावी. ओली पुळण घट्ट असते. कोरड्या भुसभुशीत वाळूत घट्ट जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा जाते. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एकच पाय सारखा खाली पडतो, म्हणून परतताना त्याच पट्ट्याने यावं.

पण सगळ्यात आधी हिमोग्लोबिन तपासा, असं मी म्हणेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल तर सराव कितीसा पुरणार? कुळथाच्या पिठीत लोह असतं, पण वनस्पतींतलं लोह अंगी कमी लागतं. वर लिंबू पिळलं की जास्त लागतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो.

आणि धावणं वाढलं पण जेवण तेवढंच राहिलं, तर पाळी लांबते, कधी थांबतेही. ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून बऱ्याच जणी गप्प बसतात. प्रत्यक्षात हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलेलं असतं आणि धावून कमावलेली हाडांची ताकद उलट झिजत असते. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जावं, अंतर कमी करावं आणि ताटातला भात-भाकरी-मासा वाढवावा.