रेडी रेकनर आणि ‘बाजारमूल्य’ या शब्दाची मागची गोष्ट

जुना फ्लॅट विकायचा म्हटलं की बरेच जण पहिल्यांदा रेडी रेकनर, म्हणजे सरकारने जाहीर केलेला भागवार दरांचा तक्ता, उघडतात, आपला विभाग-उपविभाग शोधतात, रेट गुणिले एरिया करतात आणि येईल तो आकडा घराची किंमत म्हणून डोक्यात पक्का करतात. एजंट लोक त्याला ‘गव्हर्नमेंट व्हॅल्यू’ म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे, कारण तो तक्ता घराची किंमत सांगायला बनलेलाच नाही, तो टॅक्स बुडू नये म्हणून बनलाय.

एकेकाळी दस्तात जी रक्कम लिहिली असेल तिच्यावरच स्टॅम्प ड्युटी, म्हणजे मुद्रांक शुल्क, लागायची. मग काय, दस्तात कमी लिहायचं आणि उरलेले रोखीत द्यायचे, हे सगळीकडे चालायचं. ते थांबवायला १९७०च्या दशकाच्या शेवटी राज्याच्या मुद्रांक कायद्यात दुरुस्ती झाली आणि ड्युटी ‘बाजारमूल्या’वर घ्यायची असं ठरलं. इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो.

आज कायद्यात बाजारमूल्याची जी व्याख्या आहे ती साधारण अशी: दस्त केला त्या तारखेला ती मिळकत खुल्या बाजारात विकली असती तर जी किंमत आली असती ती, किंवा दस्तात लिहिलेली रक्कम, यातली जी जास्त असेल ती. शेवटचे चार शब्द परत वाचा, ‘जी जास्त असेल ती’. खरा बाजार वर जातो तसा खालीही येतो, पण ही व्याख्या फक्त वरच्या आकड्याला धरते. कोणी आजारपणासाठी घाईत घर विकलं, कोणाच्या घरावर भावकीचा वाद आहे, कोणाच्या फ्लॅटला पार्किंग नाही आणि वर गळतंय, म्हणून भाव पडला, तरी तक्ता जास्त सांगत असेल तर ड्युटी तक्त्याप्रमाणेच मागितली जाते. मला विचाराल तर या शब्दाला ‘ड्युटीमूल्य’ म्हटलं असतं तर पुढची निम्मी भांडणं झालीच नसती.

तक्त्याला नियमांचा आधार मिळाला तो १९९५ मध्ये, ‘खऱ्या बाजारमूल्याचं निर्धारण’ असं नाव असलेल्या नियमांनी. झालेले सौदे, त्या भागातले दर, यावरून विभागवार सरासरी काढायची आणि दरवर्षी तक्ता जाहीर करायचा. कल्पना अशी की नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताशी काहीतरी मार्गदर्शक असावं, प्रत्येकाने मनाला येईल तो भाव लावू नये. मार्गदर्शक, अंतिम निकाल नव्हे. १९९४ मध्ये देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानेही भूसंपादनाच्या एका केसमध्ये सांगितलं होतं की ड्युटी वसुलीसाठी ठेवलेल्या अशा रजिस्टरवरून जमिनीची बाजारातली किंमत ठरवता येणार नाही.

पण तक्ता हळूहळू दुसरीकडे शिरला. इन्कम टॅक्सच्या बाजूला १९८१ मध्ये याच कोर्टाने म्हटलं होतं की विकणाऱ्याने कागदावर कमी दाखवलं असा संशय असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी टॅक्सवाल्यांची. पुढे १९८६ मध्ये मोठ्या शहरांत कमी भावाने दाखवलेली मिळकत सरकारनेच विकत घ्यायची अशी तरतूद आली, जुन्या लोकांना तो ३७-आय फॉर्म आठवत असेल, ती २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी एप्रिल २००३ पासून ५०सी कलम लागू झालं. यात पारडं उलटलं. विकणाऱ्याला किती मिळाले हा प्रश्नच मागे पडला, ड्युटीसाठी धरलेली व्हॅल्यू जास्त असेल तर तेवढेच मिळाले असं समजायचं. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे केस पाठवा असं मागता येतं, पण आता धावपळ घरवाल्याची. २०१३ नंतर तर खरेदी करणाराही यात आला. थोडी सूट नंतर दिली गेली, फरक आधी ५ टक्के, मग १० टक्क्यांपर्यंत असेल तर तो धरायचा नाही.

समजा सौदा खरोखर ६० लाखांना झाला, सगळे पैसे चेकने, आणि तक्त्याप्रमाणे ६८ लाख निघतात. फरक ८ लाख, म्हणजे १० टक्क्यांच्या वर. ड्युटी ६८ वर, विकणाऱ्याचा कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, ६८ धरून, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात ते ८ लाख मिळवायचे. एकच फरक, दोघांना टॅक्स, आणि ते पैसे कोणी बघितलेलेही नाहीत. हे मला आजही पटत नाही.

१९९४ मध्ये कोर्टाने ड्युटीचं रजिस्टर आणि जमिनीची खरी किंमत यांत जे अंतर ठेवलं होतं, ते २०१३च्या भूसंपादन कायद्याने कमी केलं. मोबदला ठरवताना मुद्रांक कायद्याखालचं मूल्य एक आधार, आणि दुसरा आधार आजूबाजूच्या तशाच जमिनींचे आधीच्या ३ वर्षांतले सौदे, त्यातले जास्त किमतीचे निम्मे घेऊन त्यांची सरासरी. मागच्या विक्रीवरून आजची किंमत काढायची पद्धत यात मात्र बऱ्यापैकी नीट लिहिलीय, कारण कागदावर कमी लिहिलेले सौदे त्यातून आपोआप बाजूला पडतात.

तक्त्याची खरी अडचण मात्र गोल फिरण्याची आहे. तक्ता नोंदलेल्या सौद्यांवरून बनतो आणि सौदे तक्ता बघून लिहिले जातात, ‘गव्हर्नमेंट व्हॅल्यू किती, तेवढीच अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू ठेवू’. म्हणजे मागच्या वर्षीचा तक्ता पुढच्या वर्षी पुरावा होऊन परत येतो.

आणि तो दरवर्षी हलतोच असंही नाही. आधी १ जानेवारीला बदलायचा, २०१६ पासून १ एप्रिल झाला, तेव्हा राज्याची सरासरी वाढ ७ टक्के होती. २०१८ आणि २०१९ ला दर तसेच ठेवले, २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे एप्रिल टळला आणि सप्टेंबरात सरासरी १.७४ टक्के वाढ आली, मुंबईत तर किंचित घट. २०२२ ला वाढले, २०२३ आणि २०२४ ला पुन्हा जैसे थे, मग २०२५ ला सरासरी ३.८९ टक्के. दर थांबले त्या वर्षांत बाजार काही थांबलेला नव्हता, त्यामुळे तक्त्यात कुठे भाव खूप मागे राहिलाय तर कुठे पुढे गेलाय.

त्यातून तक्त्याचा रेट बिल्ट-अपवर, म्हणजे भिंती धरून, आणि आपण बोलतो कार्पेटमध्ये, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेत, हा घोळ वेगळाच.

घराचा अंदाज घ्यायचाच असेल तर आपल्याच बिल्डिंगमधल्या नाहीतर शेजारच्या सोसायटीतल्या मागच्या वर्ष-दोन वर्षांतल्या सौद्यांच्या इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा थोडक्यातला सरकारी उतारा, बघा, ऑनलाइन शोधता येतात. त्यात दुसऱ्या क्रमांकाला ‘मोबदला’ असतो, तिसऱ्याला ‘बाजारभाव’, आणि खाली क्षेत्रफळ. मोबदला बाजारभावापेक्षा बराच वर असेल तर तो सौदा भाव सांगतोय. दोन्ही आकडे जवळपास सारखेच दिसले तर तो कागद बाजूला ठेवा, तिथे बहुतेक तक्ता बघूनच रक्कम लिहिलीय.