शालिमार: बाटलीवरची दंतकथा आणि बाटलीतली खरी गोष्ट

नाशिककराला शालिमार म्हटलं की चौक आठवतो, रिक्षांची गर्दी आठवते. कुर्ला टर्मिनसच्या फलाटावर हेच नाव ऐकलं की कोलकात्याकडे निघालेली माणसं बॅगा उचलतात. खोबरेल तेलाच्या डब्यावरही ते आहे. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर ६८ नंबरच्या दुकानात मात्र हे नाव घेतलं की विक्रेती समोर ठेवते ती पंख्यासारखं निळं बूच असलेली एक बाटली. दुकान गेर्लँ या घराण्याचं, परफ्यूमचं नाव शालिमार. १९२५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते लोकांपुढे आलं, म्हणजे २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. बहुतेक नवे परफ्यूम चार-दोन दिवाळ्या पाहून दुकानांतून गायब होतात. हा अजून विकला जातो.

त्याच्यासोबत एक गोष्टही विकली जाते. पॅरिसला आलेल्या कुण्या महाराजांनी झाक गेर्लँला शाहजहान आणि मुमताजची कहाणी सांगितली. बादशहाने लाडक्या बेगमेसाठी बागा उभारल्या, त्यातली तिची आवडती ती शालिमार. आणि ती गेल्यावर ताजमहाल. या कहाणीने भारावून झाकने हा सुगंध रचला, असं म्हणतात. त्यातले महाराज नेमके कुठले, हे कुठेच सापडत नाही.

गोष्ट गोड आहे. आता तिला तारखा लावून बघू. काश्मीरची शालिमार बाग दल सरोवराकाठी १६१९ मध्ये सुरू झाली ती जहांगीराच्या हुकमाने. शाहजहान तेव्हा नुसता शाहजादा होता. कामावर देखरेख त्याची, पण बाग बापाची, आणि लोक ती जोडतात नूरजहानशी. लाहोरची शालिमार शाहजहानचीच, पण ती १६४१-४२ ची. मुमताज त्याच्या दहा वर्षं आधी, जून १६३१ मध्ये गेली होती, तीही आपल्या खानदेशाच्या वेशीवर, बुऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात. दख्खनच्या मोहिमेसाठी बादशहाचा तळ तिथे पडलेला होता. ज्या दुष्काळाने तुकोबांच्या घरातली माणसं नेली, तोच तेव्हा त्या मुलखात पसरला होता. तिचं पहिलं दफनही तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत झालं. आग्र्याला ती नंतर गेली. तिसरी शालिमार दिल्लीची. तिथे १६५८ मध्ये औरंगजेबाने पहिल्यांदा स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं, बाप कैदेत असताना. प्रेमाची बाग म्हणून ही निवड जरा अवघडच आहे.

नावाचा अर्थही असाच. जाहिरातींनी वर्षानुवर्षं सांगितलं की शालिमार हा संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ 'प्रेममंदिर'. कुणीतरी 'शाला' आणि 'मार' अशी फोड केली असणार. मार म्हणजे मदन, बुद्धाची तपश्चर्या मोडायला आलेला तोच. फोड व्याकरणात बसवता येईल, पण ओढूनताणून. शिवाय मराठी माणसाला 'शाला' आणि 'मार' हे शब्द शेजारी दिसले की मदन आठवत नाही, छडी आठवते.

गंमत अशी की जहांगीराच्या घरात सुगंधाची एक खरी गोष्ट घडलेली होती आणि ती कुणी वापरलीच नाही. आपल्या आठवणींत जहांगीराने लिहून ठेवलंय की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर तेलाचा पातळ तवंग धरायचा. तो तिने थोडा थोडा करून गोळा केला. एका थेंबाने भरली सभा दरवळावी असा तो वास होता. त्याला नाव मिळालं इत्र-ए-जहांगिरी. गुलाबाचं अत्तर म्हणून आपण लग्नात मनगटावर जे लावून घेतो, त्याची ही एक जन्मकथा. स्वयंपाकघराला जवळची, म्हणून मला जास्त पटणारी.

शालिमारची खरी गोष्टही स्वयंपाकघराच्याच जवळची आहे, कारण तिचा नायक आहे व्हॅनिला. काश्मीरची बाग त्यात कुठेच नाही. जर्मनीतला एक कारखाना आहे.

व्हॅनिलाची शेंग मेक्सिकोची. तिकडच्या मधमाश्यांवाचून इतर देशांत तिला फळच धरेना. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलाचं परागण करायची युक्ती काढली, तेव्हा कुठे लागवड पसरली. तरी एकेक फूल हाताने हाताळायचं म्हणजे भाव चढाच राहणार. मग १८७४ मध्ये विल्हेल्म हार्मान आणि फर्डिनांड टीमान या दोघा जर्मन रसायनज्ञांनी पाइन जातीच्या झाडांच्या रसातल्या एका पदार्थापासून व्हॅनिलीन तयार केलं, म्हणजे शेंगेच्या वासाचा मुख्य घटक. होल्त्समिंडनला कारखाना निघाला. त्याच्या सहा वर्षं आधी लंडनमध्ये विल्यम पर्किनने कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं होतं. वाळत्या गवताचा जो गोडसर वास येतो, तो त्याचा. या दोन पांढऱ्या भुकट्यांनी परफ्यूमचा धंदाच बदलला. तोवर परफ्यूम म्हणजे कुठल्या तरी फुलाची नक्कल. आता निसर्गात कुठेच नसलेला वास रचता येऊ लागला.

गेर्लँचं दुकान १८२८ पासूनचं. संस्थापक पिएर-फ्रांस्वा-पास्काल यांनी १८५३ मध्ये सम्राज्ञी युजेनीसाठी कोलोन बनवलं, त्याच्या बाटलीवरच्या मधमाश्या अजून चालू आहेत. त्यांचा मुलगा एमे याने १८८९ मध्ये, आयफेल टॉवर उभा राहिला त्याच साली, जिकी काढला. वर लव्हेंडर, खाली व्हॅनिलीन आणि कुमारिन, आणि मध्ये जवादी मांजराच्या ग्रंथीतून काढलेला, नुसता हुंगला तर मळमळेल असा अर्क. बायकांना तो सुरुवातीला झेपला नाही. पुरुषांनी उचलला.

झाक हा एमेचा पुतण्या, १८७४ चा जन्म. मोजकं बोलणारा माणूस, मुलाखतींच्या फंदात फारसा न पडलेला. म्हणूनच त्याच्या नावावर दंतकथा सहज चिकटतात. त्यातली सर्वांत साधी आणि सर्वांत विश्वसनीय अशी: एथिलव्हॅनिलीन नावाचं नवं द्रव्य त्याच्याकडे आलं. निसर्गात न सापडणारं, साध्या व्हॅनिलीनपेक्षा साधारण तिप्पट तीव्र. बघू तरी काय होतं म्हणून त्याने ते जिकीच्या बाटलीत ओतलं. काकाच्या परफ्यूममध्ये पुतण्याने मारलेली फोडणीच म्हणायची. शालिमार त्यातून निघालं.

अर्थात नुसतं ओतून भागलं नसणार. प्रश्न होता गोडव्याचा. एवढं व्हॅनिला घातलं की परफ्यूमचं कस्टर्ड होतं. शनेल नंबर ५ रचणारे एर्नेस्ट बो म्हणाल्याचं सांगतात की इतक्या व्हॅनिलातून मला फार तर कस्टर्ड जमलं असतं, झाकने शालिमार केलं. वाक्य बोंच्या तोंडचं असो-नसो, त्यातलं निदान बरोबर आहे.

झाकने गोडव्यावर उतारा म्हणून वापरला बर्गमॉट. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात होणारं हे लिंबाच्या जातीचं फळ. अर्ल ग्रे चहाचा वास माहीत असेल तर हा माहीत आहे. आंबट, हिरवट, किंचित कडू. शालिमारमध्ये त्याचं तेल इतकं सढळ आहे की जाणकार ते जवळपास एक तृतीयांश भरतं असं मानतात. त्याच्या खाली गुलाब-मोगऱ्याच्या कुळातली फुलं फक्त पूल बांधण्यापुरती. तळाशी ऊद (देवघरात निखाऱ्यावर घालतो तोच), हिराबोळाच्या नात्यातला एक डिंक, टोंका नावाची सुवासिक बी, चामड्याचा जळकट वास, आणि जिकीतून वारशाने आलेलं ते जवादी मांजर. लाडू वळताना चिमूटभर मीठ घालतात, तसा हा घाणेरडा वास तिथे आहे. काढला तर गोडवा सपाट होतो.

तळातली आणखी दोन द्रव्यं आपल्या घरची आहेत. एक वाळा. दुसरी पाच, जिला तिकडे पॅचुली म्हणतात. हिचा युरोपात शिरकाव शालींतून झाला. काश्मिरी पश्मिना बोटीतून जाताना कसर लागू नये म्हणून घड्यांत पाचेची वाळलेली पानं घालत. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बायका शाल अस्सल की नक्कल हे वास घेऊन ओळखू लागल्या, आणि मग नक्कल करणारेही पानं मागवू लागले! शालिमारचा हिंदुस्थानशी धागा शोधायचाच, तर तो मुमताजपेक्षा या मालवाहतुकीत जास्त पक्का सापडतो.

१९२१ च्या सुमाराला सूत्र तयार होतं. पण नशीब उघडलं १९२५ च्या प्रदर्शनात. सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचं हे पॅरिसमधलं मोठं प्रदर्शन, ज्याच्या नावातून पुढे 'आर्ट डेको' हा शब्द निघाला. मरीन ड्राइव्हच्या गोलाईदार गच्च्या त्याच घराण्यातल्या. शालिमारची बाटली रेमों गेर्लँने आखली आणि बाकाराच्या काचकारखान्याने बनवली. पायावर उभं पसरट भांडं, बागेतल्या कारंज्याच्या हौदासारखं. वर निळ्या काचेचं पंखाकृती बूच. तिला बक्षीस मिळालं. संग्राहक मंडळी तिला 'वटवाघूळ' म्हणतात. एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसत नाही.

या बाटलीचं तोंड बांधायची रीत मात्र बघण्यासारखी आहे. दाट अर्काच्या बाटल्या अजूनही हाताने बंद होतात. टेबलाशी बसलेल्या बायका ओलसर, कांद्याच्या पातीइतका पातळ पापुद्रा बुचावर ताणतात, मानेभोवती दोऱ्याचे वेढे घेतात, गाठ मारतात, तिच्यावर मोहोर उठवतात आणि दोऱ्याची सुटी टोकं ब्रशने पिंजून गोंडा करतात. पापुद्रा वाळला की आवळला जातो, बूच हलत नाही. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात त्याच तर्काचं हे काम, फक्त बरणीची किंमत वेगळी.

बाजारात आल्यावर शालिमारला जे नाव मिळालं, ते बदनामीचं होतं. घरंदाज बाईने तीन गोष्टी करू नयेत असं तेव्हा म्हणायचे: सिगारेट ओढू नये, टँगो नाचू नये, शालिमार लावू नये. पहिलं महायुद्ध संपून सातच वर्षं झालेली, केस आणि स्कर्ट दोन्ही आखूड होत होते. अशा वेळी याहून चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती.

नंतरच्या दशकांत दुकानदारांनी परफ्यूमची कुळं पाडली. गोड, राळेचा, व्हॅनिलाचा असा सगळा गोतावळा 'ओरिएंटल' या नावाखाली गेला आणि शालिमार त्याचं मूळ पुरुष ठरलं. पौर्वात्य म्हणजे मखमल, धूप आणि जनानखाना, हा युरोपचा जुना समज त्यात आयता बसला. २०२१ मध्ये परफ्यूमचे वर्गीकरणकार मायकेल एडवर्ड्स यांनी तो शब्द काढून 'अंबर' केला. उशिरा का होईना. त्याआधी झाकचा नातू झाँ-पोल याने १९८९ मध्ये चंदनाच्या परफ्यूमला 'संसारा' असं नाव दिलंच. आपल्याकडे त्या नावाने भांड्यांचं दुकान चाललं असतं.

शंभर वर्षांत सूत्र तेच राहिलं का? राहणं शक्य नव्हतं. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो त्वचेवर असताना ऊन लागलं की चट्टे उठतात. आता तो काढून टाकलेलं तेल वापरतात. पिंजऱ्यातल्या जवादी मांजराच्या जागी प्रयोगशाळेतला वास आला. त्याची रासायनिक रचना लिओपोल्ड रुझिच्काने १९२६ मध्येच उलगडली होती. १९७३ पासून व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटना कशाचं प्रमाण किती असावं हे ठरवते. १९९४ मध्ये घराण्याची मालकी एलव्हीएमएच या बड्या समूहाकडे गेली. जुन्या बाटल्या जपणारे सांगतात की पूर्वीचं शालिमार राहिलं नाही. ते खरं आहे, पण जुन्या बाटलीतलं बर्गमॉटही एव्हाना मेलेलं असतं. १९२५ चं शालिमार कसं होतं हे कुणाचंच नाक आज खात्रीने सांगू शकणार नाही.

मग ते टिकलं कशावर? मुमताजवर तर नक्कीच नाही. माझ्याकडे पूर्ण बाटली नाही, दोन मिलीची नमुन्याची कुपी आहे. एका संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून पट्टी आईच्या हातात दिली. तिने नाकाजवळ नेली, लांब धरली. "लिंबू आहे," म्हणाली. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, दूध करपलं का बघ." दूध फ्रीजमध्ये होतं. पट्टी ओट्यावर. ते चामडं आणि राळ वर आलेली वेळ होती; शालिमार पहिल्यांदा हुंगणारे बहुतेक जण इथेच नाक मुरडून सोडतात. मी पट्टी उचलून पंचांगात ठेवली आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आईने संकष्टी बघायला पंचांग उघडलं. थोडा वेळ ती तशीच बसून होती.

"हे कालचंच?" तिने विचारलं. मग पट्टी परत पानांत ठेवली, पंचांग मिटलं, आणि संकष्टी कधी ते बघायचं राहूनच गेलं.