कल्पित गाव वसवायचं तर आधी झरा शोधा

कादंबरीसाठी किंवा खेळासाठी कल्पित जग रचणाऱ्यांच्या नकाशांत एक चित्र हमखास दिसतं: गावाशेजारी तळं आणि त्यातून दोन दिशांना निघालेल्या दोन नद्या. त्या जगात जादू चालते हे मान्य. पण पाणी तिथेही उताराकडेच वाहत असेल, तर हे तळं फार काळ असं राहणार नाही. दोन तोंडांपैकी एक तसूभर तरी खाली असतं. तिथून पाणी जास्त जातं, तळ जास्त झिजतो, तोंड आणखी खोल होतं. तळ्याची पातळी उतरते आणि दुसरं तोंड कोरडं पडतं. म्हणूनच नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. त्रिभुज प्रदेश हा अपवाद. दुसरा, फार दुर्मिळ अपवाद व्हेनेझुएलातल्या कासिकियारेचा. ओरिनोको नदीचं काही पाणी हा प्रवाह रिओ निग्रोमार्फत ॲमेझॉनकडे नेतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने १८०० साली त्यातून प्रवास केला होता. तिथली जमीन जवळजवळ सपाट आहे, म्हणून हे जमतं.

तेव्हा आधी खडक ठरवा, मग झरा आणि शेवटी घरं.

टेकडीचा माथा वालुकाश्माचा घ्या, त्याखाली चिकणमातीचा थर. पाऊस वालुकाश्माच्या कणांमधल्या फटींतून खाली मुरतो. चिकणमातीत त्याला वाट मिळत नाही, मग तो थराच्या पाठीवरून आडवा सरकतो आणि उतारावर जिथे दोन थरांचा हा सांधा उघडा पडतो तिथे बाहेर येतो. झरे त्यामुळे एका ओळीत लागतात. इंग्लंडमध्ये साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी जुनी गावं अशीच माळेसारखी ओवलेली आहेत.

थर क्वचितच आडवे सपाट असतात. पूर्वेकडे फक्त २ अंशांचा कल असला, तरी किलोमीटरमागे सांधा ३५ मीटर खाली जातो. पाणी त्या कलाने जातं. पूर्वेच्या उतारावर भरपूर झरे, पश्चिमेला जेमतेम ओल. एकाच टेकडीच्या दोन बाजूंच्या गावांत पाण्यावरून वैर दाखवायचं असेल, तर त्याचं कारण या २ अंशांत आहे.

आता हिशेब. ३०० माणसं, माणशी दिवसाला २० लिटर. १०० गुरं, प्रत्येकी ४० लिटर. एकूण १०,००० लिटर, म्हणजे साधारण साडेआठ सेकंदांत एक लिटर. मनगटाएवढी धारसुद्धा लागत नाही. मात्र हे पाणी कोरड्या ऋतूच्या शेवटच्या दिवशीही मिळायला हवं. पाऊस थांबल्यावर खडकातला साठा उतरतो, पाण्याचा दाब घटतो आणि धार बारीक होते. समजा ती दर दोन महिन्यांनी निम्मी होते. कोरड्या आठ महिन्यांत ती चार वेळा निम्मी होईल, म्हणजे सोळावा हिस्सा उरेल. याचाच अर्थ, पावसाळा संपताना झरा दिवसाला १,६०,००० लिटर देणारा हवा. त्या आठ महिन्यांत एकूण सुमारे १ कोटी ३० लाख लिटर बाहेर पडेल. वर्षाला १०० मिलिमीटर पाऊस मुरत असेल, तर तेवढ्यासाठी १३ हेक्टर माथा लागतो, म्हणजे ३६० मीटर बाजूचा चौरस. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी यात धरलेलं नाही, म्हणून नकाशावर माथा याच्या दुप्पट तरी काढा.

अशा गोष्टींत दुबेळकी काठी घेऊन जमिनीखालची 'पाण्याची शीर' शोधणारा जाणता म्हातारा असतोच. खऱ्या जगात काठीला काहीही कळत नाही. वालुकाश्मासारख्या सच्छिद्र खडकात भूजल शिरांतून धावत नाही, ते सलग पसरलेलं असतं. अशा ठिकाणी कुठेही पुरेसं खोल खणलं तरी पाणी लागतं आणि श्रेय काठीला जातं. त्यापेक्षा त्या म्हाताऱ्याला खडकांचा सांधा ओळखता येऊ द्या. उन्हाळ्यात उतारावर एकाच उंचीवर हिरव्या गवताचा पट्टा दिसतो, तो सांधा.

घरं मात्र नेमकी या पट्ट्यावर बांधू नका. भिजलेली चिकणमाती घसरते. आधी झाडं कलतात, मग भिंतींना तिरक्या चिरा जातात. घरं जरा बाजूला, उतार मंदावतो तिथे घ्या. झऱ्याच्या तोंडाशी पिण्याचं पाणी, त्याखाली गुरांचं टाकं, सर्वांत खाली धुणं. शेणाचे खड्डे आणि शौचकूप झऱ्याच्या वरच्या अंगाला कधीच नकोत, कारण मुरलेली घाण पाण्याच्याच वाटेने येते. वालुकाश्म ती थोडीफार गाळतो. माथा चुनखडीचा असेल तर तेवढंही होत नाही. तिथे पाणी रुंद भेगांतून धावतं आणि मोठ्या पावसानंतर काही तासांतच झरा गढूळ होतो.