फाशीच्या फायलीवर शेवटची सही कोणाची?

5 ऑगस्ट 1775 रोजी कलकत्त्यात बंगालमधले बडे महसूल अधिकारी महाराजा नंदकुमार यांना फाशी दिली गेली. आरोप खुनाचा नव्हता, खोटा दस्तऐवज केल्याचा होता. त्यासाठी फाशी सांगणारा कायदाही इंग्लंडातला. प्रकरण दया दाखवण्याजोगे वाटले तर शिक्षा थांबवून राजाची मर्जी विचारायची, अशी मुभा कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाला सनदेनेच दिली होती. न्यायाधीशांनी ती वापरली नाही. पुढे पार्लमेंटात सरन्यायाधीश इम्पे यांच्यावर महाभियोग आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा हीच फाशी पुढे आली.

राजा जहाजाने कित्येक महिने दूर. त्यामुळे हा अधिकार हळूहळू इथल्या सरकारकडे आला. सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्यावर, 1898 च्या फौजदारी संहितेच्या कलम 401 आणि 402 प्रमाणे प्रांतिक सरकार किंवा गव्हर्नर जनरलचे कौन्सिल ती तहकूब, माफ वा सौम्य करू शकत असे. सौम्य करायला कैद्याची संमतीही लागत नसे. राजाचा माफीचा हक्क वर शाबूत होताच. म्हणजे खटला भरणारे सरकार आणि दया करणारे सरकार एकच!

लाहोर खटल्यात हे उघडे पडले. 1 मे 1930 रोजी व्हाइसरॉय म्हणजेच गव्हर्नर जनरल आयर्विन यांनी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे खास न्यायाधिकरण नेमले आणि हायकोर्टाची पायरीच काढून टाकली. 7 ऑक्टोबरला भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना फाशी सुनावली गेली. अपिलाची शेवटची जागा असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही दाद दिली नाही. मग फेब्रुवारी 1931 मध्ये मदनमोहन मालवीयांनी शिक्षा सौम्य करण्यासाठी तार केली ती आयर्विन यांनाच. 23 मार्चला सकाळी गांधीजींनी पत्र लिहिले तेही त्यांनाच. कैद्यांनी स्वतः दया मागितली नाही. आम्ही युद्धकैदी आहोत, तेव्हा फासावर न देता गोळ्या घाला, असे त्यांनी पंजाबच्या गव्हर्नरांना कळवले होते. फाशी 24 तारखेच्या पहाटे ठरली होती, ती 23 च्या संध्याकाळीच उरकली.

त्याच वर्षी 12 जानेवारीला येरवड्यात सोलापूरच्या 1930 च्या उठावातल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे या चौघांना फासावर चढवले होते. उलट 1942 च्या ‘चले जाव’ लढ्यातल्या चिमूर-आष्टी प्रकरणातल्या फाशी ठरलेल्या कैद्यांची शिक्षा 1945 मध्ये जन्मठेपेवर आली. तोवर इंग्रजांचे राज्यच आवरत आले होते.

1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 295 ने फाशीबाबतचा हा अधिकार गव्हर्नर जनरलच्या ‘स्वेच्छाधिकारात’ ठेवला. मंत्र्यांचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक नव्हता. राष्ट्रपतींना दयेचा अधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम 72 मध्ये तो शब्द नाही. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये मारू राम खटल्यात सांगितले.